सालमियातला शुक्रवार

2005 साली मी नववीत असताना आई, धाकटा भाऊ आणि मी वसई सोडून कुवेतला बाबांकडे राहायला गेलो. पहिल्या शुक्रवारी सकाळी बाबा आम्हाला चर्चला घेऊन निघाले, तेव्हा मी रस्ताभर मान वर करून मनोरा शोधत होते. वसईत चर्च आधी लांबून दिसतं, मग घंटा ऐकू येते आणि मग आपण पोचतो. सालमियात बाबा एका साध्या घरासारख्या इमारतीपाशी थांबले. ना मनोरा, ना घंटा. आत मात्र पाय ठेवायला जागा नव्हती.

ओळखीतली मुलं आता तिकडे शिकायला निघाली की त्यांच्या आया मला हमखास विचारतात, "तिथे चर्च आहे का गं?" आहे, आणि भरलेलंही असतं. त्या गर्दीत आपली जागा मिळायला मला वर्ष लागलं. पुढच्या मुलांना ती लवकर मिळावी म्हणून हे लिहिते आहे.

सालमिया आणि तिथले विद्यार्थी

सालमिया हे कुवेत शहराच्या आग्नेयेला, आखाताच्या किनाऱ्यावरचं दाट वस्तीचं उपनगर. पूर्वी इथे दिम्ना नावाचं समुद्रकाठचं खेडं होतं. आता सालेम मुबारक स्ट्रीटवर दुकानांची रांग लागली आहे, समुद्राच्या बाजूला मरीना मॉल आणि सायंटिफिक सेंटर आहे, आणि मधल्या गल्ल्यांतून भाड्याच्या इमारती. अशा इमारतीत एका मजल्यावर मल्याळी, इजिप्शियन, फिलिपिनो, गोवेकर अशी सगळी बिऱ्हाडं सापडतात.

आपल्याकडून इथे शिकायला येणारी बहुतेक मुलं नोकरी करणाऱ्या आईवडिलांबरोबर येतात. त्यांच्यासाठी सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत. त्यांतली सगळ्यात जुनी, इंडियन कम्युनिटी स्कूल, 1959 साली सुरू झाली आणि तिची मोठी शाळा सालमियातच आहे. कॉलेजसाठी येणारी मुलं त्या मानाने थोडी. अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ कुवेतचे वर्ग 2004 साली सालमियातच सुरू झाले. 1966 साली स्थापन झालेलं सरकारी कुवेत विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांना काही शिष्यवृत्त्या देतं. तिथे विज्ञान, वैद्यक आणि इंजिनीअरिंग इंग्रजीतून चालतं, तर कायदा आणि शरिया अरबीतून. अर्ज करण्याआधी हे नीट पाहून घ्यावं.

हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. 1961 साली कुवेती दिनार आला, तोवर तिथे रुपयाच चालत होता, आणि मोत्यांच्या धंद्यातल्या कुवेती व्यापाऱ्यांचं मुंबईला कायम जाणं-येणं असे.

शुक्रवारी रविवार

नव्या मुलाचा पहिला गोंधळ वारांचा होतो. कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुटी असते आणि रविवारी सकाळी दप्तर पाठीला लावून शाळेत जायचं. त्यामुळे मिस्सेला खरी गर्दी शुक्रवारी असते. रविवारी संध्याकाळीही मिस्सा असते, पण शाळा, क्लास आणि अभ्यास सांभाळून तिला जाणं मुलांना दर वेळी जमत नाही. मी तिथे असतानाच, 2007च्या सप्टेंबरात, साप्ताहिक सुटी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आली. गायनवृंदाचा सराव, धर्मशिक्षणाचे वर्ग, मुलांचे मेळावे, सगळ्यांची वेळापत्रकं त्या महिन्यात नव्याने बसवावी लागली.

आजी फोनवर दर रविवारी विचारायची, "चर्चला गेलीस ना?" मी सांगायची, "शुक्रवारीच गेले." तिला ते कधी पटलं नाही. "रविवार तो रविवार," एवढंच म्हणायची. मलाही पहिले काही महिने रविवारी सकाळी गणिताच्या तासाला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. यावर घरातच एक उपाय सापडला. रविवारी रात्री जेवणाआधी आम्ही घरी माळेची प्रार्थना म्हणायला लागलो. मिस्सा शुक्रवारी, माळ रविवारी. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

चर्च कोणतं आणि कुठे

कॅथलिक मुलांसाठी सालमियातलं चर्च म्हणजे सेंट तेरेसाचं, बाळ येशूच्या संत तेरेसाच्या नावाचं. कुवेतचं मुख्य कॅथलिक चर्च, होली फॅमिली को-कॅथेड्रल, कुवेत शहरात आहे. ते 1961 सालचं. अहमदीला अवर लेडी ऑफ अरेबिया हे तेल कंपनीच्या वसाहतीत 1950च्या दशकात उभं राहिलेलं चर्च आहे, आणि अब्बासियात संत डॅनियल कंबोनीच्या नावाचं. चारही ठिकाणी वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होतात. त्यांच्या वेळा सणावाराला आणि उन्हाळ्यात बदलतात, त्यामुळे तिथे पोचल्यावर फलकावरच्याच खऱ्या मानाव्यात.

अहमदनगर, पुणे, सोलापूर, कोल्हापूरकडची प्रॉटेस्टंट मुलं बहुधा कुवेत शहरातल्या नॅशनल इव्हँजेलिकल चर्चच्या आवारात जातात. होली फॅमिलीपासून ते फार लांब नाही. या आवाराची गोष्ट प्रत्येक मराठी ख्रिस्ती मुलाला माहीत असावी असं मला वाटतं. ती सुरू होते अरेबियन मिशनपासून. अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड चर्चशी जोडलेलं हे मिशन 1889 साली स्थापन झालं. सॅम्युएल झ्वेमर आणि जेम्स कँटीन हे त्याचे आरंभीचे लोक. या मिशनचे डॉक्टर 1910च्या सुमारास कुवेतला आले. 1912 साली डॉ. एलेनॉर कॅल्व्हर्ली आल्या. कुवेतमधल्या त्या पहिल्या स्त्री डॉक्टर. परक्या पुरुषाला नाडी दाखवायची नाही म्हणून ज्या बायका घरातच दुखणं काढत होत्या, त्या हळूहळू त्यांच्याकडे येऊ लागल्या. मिशनचा दवाखाना 1967 साली बंद झाला, पण इमारत पाडली नाही. ती आता अमेरिकानी कल्चरल सेंटर म्हणून समुद्राकाठी उभी आहे आणि ती पाहता येते. अहमदनगर, मिरज, वाईच्या मिशन दवाखान्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाला तिथे उभं राहिल्यावर वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. नॅशनल इव्हँजेलिकल चर्चचे पाळक रेव्हरंड इमॅन्युएल घरीब स्वतः कुवेती नागरिक आहेत. त्यांची दीक्षा 1999 साली झाली.

यांशिवाय अँग्लिकन, कॉप्टिक, ग्रीक आणि आर्मेनियन ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक अशा मंडळ्यांनाही सरकारी मान्यता आहे. केरळच्या मंडळ्यांची तर गणतीच नको.

बरोबर काय न्यायचं

बाप्तिस्म्याचा दाखला. शाळेचे दाखले, लसीकरणाचे कागद, जन्मदाखला यांच्यापायी सगळे धावपळ करतात आणि बाप्तिस्म्याचा दाखला कपाटातच राहतो. तिथे धर्मशिक्षणाच्या वर्गात नाव घालायला, विशेषतः दृढीकरणाच्या वेळी, तो लागतोच. प्रॉटेस्टंट मुलांनी आपल्या पाळकांचं सभासदत्वाचं पत्र न्यावं. ही कामं आपल्या गावी एका सकाळी होतात. तिथून करायची म्हटली तर गावातल्या कुणाला तरी चार खेपा घालाव्या लागतात.

शाळा-कॉलेजचे दाखले मात्र राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि कुवेतचा दूतावास या क्रमाने साक्षांकित करून घ्यावे लागतात. त्यात वेळ जातो, म्हणून प्रवेशाच्या कितीतरी आधी सुरुवात करावी. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कलम 22 खाली होतो, तर स्वतंत्र विद्यार्थ्याचा कलम 23 खाली. मग सिव्हिल आयडी मिळतो, त्याला आपले लोक तिथे ‘बताका’ म्हणतात. तो खिशात नसेल तर घराबाहेर पडायचं नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

स्वतःपुरतं बायबल, माळ, प्रार्थनेचं पुस्तक न्यायला अडचण येत नाही.

भाषा आणि गर्दीतलं एकटेपण

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

कुवेतच्या चर्चमध्ये माणसं भाषेने एकत्र येतात. मल्याळी लोकांचे गट आहेत, तमिळ आहेत, फिलिपिनो आहेत, अरबी बोलणारे लेबनीज आणि इजिप्शियन आहेत, आणि कोकणी बोलणाऱ्या गोवेकर-मंगळूरकरांचं तर तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचं बस्तान आहे. मिस्सा संपली की आवारात घोळके होतात आणि प्रत्येक घोळक्यातून वेगळी भाषा ऐकू येते. मराठी बोलणारे ख्रिस्ती थोडे, तेही वसई, मुंबई, नगर, पुणे असे विखुरलेले. शिवाय कुणी कॅथलिक, कुणी प्रॉटेस्टंट. आम्ही ‘मिस्सा’ म्हणतो, ते ‘उपासना’ म्हणतात. आमचा ‘धर्मग्राम’, त्यांची ‘मंडळी’. गावी असताना ज्यांच्याशी कधी बोललो नसतो ती घरं तिथे एकमेकांना शोधत असतात, पण ती भेटायला वेळ लागतो. महाराष्ट्र मंडळात गणपती, दिवाळी, गुढीपाडवा होतो. तिथे मराठी पोटभर बोलायला मिळतं, आम्ही जायचोही, पण नाताळची ओढ तिथे भागत नाही आणि मराठीची ओढ चर्चमध्ये भागत नाही.

पहिले आठ-नऊ महिने मी मिस्सा संपली की भिंतीला टेकून बाबांची वाट पाहत उभी राहायची. कुणी वाईट वागलं नाही. मीच कुणाच्या घोळक्यात शिरले नाही, कारण त्यातला एकही मला माझा वाटत नव्हता. माझ्याच वर्गातली एक मंगळुरी मुलगी एकदा म्हणाली, "गाणार का? आमच्यात एक आवाज कमी आहे." कोकणी मिस्सेचा गायनवृंद होता तो. मी म्हटलं, मला कोकणी येत नाही. ती म्हणाली, "मराठी येतं ना? मग झालं."

गीतांचे कागद हातात आले तेव्हा कळलं की गोवेकर कोकणी रोमी लिपीत लिहितात. मंगळूरकर घरी ती कन्नड लिपीत वाचतात, म्हणून गायनवृंदात मधला मार्ग म्हणून रोमी कागदच चालायचे. मी घरी बसून प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलने, बारीक अक्षरात, तीच ओळ देवनागरीत लिहून काढली. लिहिता लिहिता अर्थ उलगडत गेला. रोमीत जे अक्षरांचं जंगल वाटत होतं, ते देवनागरीत आलं की अर्धं आपलंच निघायचं. सूर्य, काळीज, उजवाड. दुसऱ्या आठवड्यात शेजारी उभ्या असलेल्या एका कारवारच्या काकूंनी माझा कागद ओढून घेतला आणि म्हणाल्या, "हे असं मला पण लिहून दे गो, माझी शाळा मराठीच झाली." त्यांना लिहून दिलं. मग आणखी दोघींना. त्या दिवसापासून मी भिंतीला टेकून उभी राहिले नाही.

म्हणून मी मुलांना सांगते की तिथे पोचल्यावर मराठी माणूस सापडेपर्यंत थांबू नका. पहिल्या महिन्यातच एखादं काम मागून घ्या. गायनवृंद नसेल जमत तर वाचन, लहान मुलांच्या वर्गात मदत, खुर्च्या लावणं, उन्हात रांगेतल्या म्हाताऱ्यांना पाणी देणं. भाषा कुठलीही असो. काम करणाऱ्याला नाव विचारलं जातं, आणि एकदा नाव विचारलं की पुढे शुक्रवारची जेवणं, परीक्षेच्या वेळची पुस्तकं, आजारपणात गाडी, सगळं आपोआप येतं. घर सोडून एकट्या आलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना तर याची दुप्पट गरज असते.

मराठीतून प्रार्थना

मराठी प्रार्थनेची भूक मात्र दुसऱ्या भाषेने जात नाही, आणि तसा आग्रहही कुणी धरू नये. आमच्याकडे महिन्यातून एकदा तीन-चार मराठी घरं कुणा एकाच्या फ्लॅटमध्ये जमायची. नगरकडचे एक काका ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक आणायचे आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचे. वसईच्या आम्हा मुलांना ती तिथे पहिल्यांदा कळली. आमच्या घरी ‘सुवार्ता’ मासिकाचे जुने अंक होते, ते त्यांच्या घरी फिरायचे. गावी ही देवघेव कधी झाली नसती.

अशा बैठकीत तारतम्य हवं. कुवेतच्या 1962च्या राज्यघटनेतलं 35वं कलम श्रद्धेचं स्वातंत्र्य आणि रूढीप्रमाणे उपासना करण्याची मुभा देतं, पण सार्वजनिक व्यवस्थेला बाधा येता कामा नये ही अटही घालतं. घरातली बैठक लहान असावी, आवाज भिंतीबाहेर जाऊ नये, गाड्या शेजाऱ्याच्या दाराशी लावू नयेत. आणि मुसलमानांमध्ये धर्मप्रसार करण्याला तिथे सक्त मनाई आहे. वर्गातल्या मैत्रिणीने आपणहून काही विचारलं तर साधं, खरं उत्तर द्यावं. पुस्तकं-पत्रकं वाटण्याच्या फंदात पडू नये. ज्या देशाने आपल्याला चर्चला जाऊ दिलं त्याचा मान राखणं मला तरी कधी जड वाटलं नाही.

रोजचं जगणं

पहिला शब्द शिकायचा तो ‘माफी’. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मी दही मागितलं आणि दुकानदार म्हणाला, "माफी." मला वाटलं बिचारा क्षमा मागतो आहे. त्याचा अर्थ ‘नाही’, ‘संपलं’. मग ‘बुक्रा’ म्हणजे उद्या, ‘खलास’ म्हणजे झालं, ‘यल्ला’ म्हणजे चला. इमारतीचा राखणदार तो ‘हारिस’. सहकारी भांडार ती ‘जमिया’, तिथे बहुतेक वस्तू रास्त भावात मिळतात. खुबूस ही तिथली रोटी फार स्वस्त, एकट्या विद्यार्थ्याचं पोट भरणारी. दिनाराचे हजार फिल्स होतात आणि एक दिनार अडीचशे रुपयांहून महाग, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक वस्तूचे रुपये करत बसलं तर काहीच विकत घेववत नाही.

मासे खाणाऱ्यांना घर आठवेल ते झुबैदीने. आपला सरंगाच तो, आणि कुवेती माणसाचा त्याच्यावर आपल्याइतकाच जीव. आई येताना बाटली मसाल्याच्या दोन बरण्या कपड्यांत गुंडाळून घेऊन आली होती. झुबैदीला पहिल्यांदा तो लावला, त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या गोवेकर काकी वास घेत दार वाजवून आल्या. आमची तिथली पहिली ओळख ती.

उन्हाळ्याबद्दल ऐकलेलं सगळं खरं आहे. 21 जुलै 2016 रोजी कुवेतमधल्या मित्रिबा इथे 53.9 अंश सेल्सिअसची नोंद झाली. शाळा तेव्हा बंद असतात आणि बरीच घरं गावी येतात. मे ते सप्टेंबर दुपारी चालत कुठेही जायचं नाही. धुळीच्या वादळाला तिथले लोक ‘तोज’ म्हणतात. दमा असलेल्या मुलाने औषध कायम जवळ ठेवावं. थंडीबद्दल मात्र कुणी सांगत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गारठतात, आणि आम्ही वसईकर एकेक पातळ स्वेटर घेऊन गेलो होतो.

बस स्वस्त आणि बऱ्यापैकी नेमाच्या. सालमियाहून कुवेत शहरात जायला त्याच वापराव्यात. मुलींनी रात्री एकट्याने टॅक्सी घ्यायची वेळ आलीच तर फोन करून मागवलेली घ्यावी.

रमजान

रमजानच्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणं, पिणं, धूम्रपान करणं हा तिथे कायद्याने गुन्हा आहे. 1968च्या कायद्यानुसार 100 दिनारपर्यंत दंड आणि महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. पाण्याची बाटलीसुद्धा रस्त्यात तोंडाला लावायची नाही. शाळा-कचेऱ्यांच्या वेळा कमी होतात, रात्री रस्ते जागे असतात. एका वर्षी आमच्या शेजारच्या कुवेती आजींनी हरीसचं भांडं पाठवलं. गहू आणि मटण एकत्र घोटून केलेलं ते. आईने भांडं रिकामं परत द्यायचं नाही म्हणून त्यात नारळाच्या वड्या घालून पाठवल्या. मग नाताळात त्यांच्याकडून खजूर आले.

पवित्र आठवडा आणि नाताळ

गुड फ्रायडे शुक्रवारीच येत असल्यामुळे त्या दिवशी तिथे कायम सुटी असते, आणि अख्खा धर्मग्राम दुपारच्या उपासनेला येतो. ईस्टर मात्र कामाच्या दिवशी. मध्यरात्रीची जागरण मिस्सा करून दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत प्रयोगवही जमा केल्याचं मला आठवतं. नाताळलाही सरकारी सुटी नसते. पंचवीस तारीख शाळेच्या दिवसांत आली तर काही शाळा सवलत देतात, काही देत नाहीत. वर्गशिक्षकांना आठवडाभर आधी पत्र द्यावं. नाताळचा गोठा मात्र घरात करावा. वाळू तिथे फुकट मिळते, गवताच्या जागी आम्ही खजुरीच्या झावळ्या वापरायचो.

निघताना

बारावीनंतर बहुतेक मुलं भारतात परततात. 2021 पासून नीट परीक्षेचं केंद्र कुवेतमध्येही आहे, त्यामुळे पेपर तिथे देऊन पुढे इकडे येणारी मुलं वाढली आहेत. निघण्यापूर्वी चर्चच्या कचेरीतून दृढीकरणाचा दाखला मागून घ्यावा आणि आपल्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवलं आहे ना, हेही विचारावं. कॅथलिक नियमाप्रमाणे दृढीकरण जगात कुठेही झालं तरी त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत व्हावी लागते.

माझं झालं अकरावीत, त्या मनोरा नसलेल्या चर्चमध्ये. लग्न ठरलं तेव्हा मी वसईतल्या आमच्या चर्चमध्ये नवा दाखला काढायला गेले. कचेरीतल्या बाईंनी मोठी वही काढली, माझ्या जन्मवर्षाचं पान उघडलं. आजीने बाप्तिस्म्याला नेल्याच्या दिवसाची, निळ्या शाईतली ओळ होती. तिच्या पुढे समासात, दुसऱ्याच कुणाच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: दृढीकरण, सालमिया, कुवेत. बाईंनी चष्मा सावरला आणि विचारलं, "हे कुठे आलं गो?"

मी त्यांच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि सांगायला बसले.